रिव्हर्स कॅमेरा घरी बदलायचाय, आधी काय तपासू?

तिरफळ:
नमस्कार मंडळी. आमची हॅचबॅक आहे, २०१७ चं मॉडेल, पेट्रोल मॅन्युअल. कंपनीकडून कॅमेरा नव्हता, नंतर ॲक्सेसरीवाल्याकडून टच स्क्रीनचा स्टिरिओ आणि मागचा कॅमेरा असं दोन्ही एकदम बसवून घेतलं होतं. आम्ही चिपळूणचे, त्यामुळे पाऊस किती ते सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात चित्र धुरकट यायला लागलं, मग मधूनमधून आडव्या रेघा, आणि आता रिव्हर्स टाकला की गाणं थांबतं, स्क्रीन कॅमेऱ्यावर जाते पण नुसती काळी. गंमत म्हणजे डिकी जरा जोरात लावली की कधीकधी क्षणभर चित्र येतं आणि परत गायब.
दुकानात विचारलं तर म्हणाले कॅमेरा गेला, वायरिंगसकट सगळं नवीन टाकावं लागेल, गाडी दिवसभर ठेवून जा. पैसे द्यायला हरकत नाही पण नक्की काय बिघडलंय हे कोणी बघितलंच नाही, नुसतं ऐकून सांगितलं. मला घरचं इलेक्ट्रिकचं बारीकसारीक काम जमतं, मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग आयर्न पण आहे. तर हे घरी करता येईल का, आणि कॅमेरा मागवायच्या आधी काय काय बघू? डिकीचं आतलं प्लॅस्टिक कसं काढतात, तुटतं का? आमच्याकडे गाडी उलटी काढतच रस्त्यावर घ्यावी लागते आणि वाडीतली लहान पोरं सारखी मागून पळत असतात, म्हणून हे लवकर व्हायला हवंय. तोपर्यंत कोणीतरी खाली उतरून मागे उभं राहतं.

बारा_व्होल्ट:
ताई, नक्की करता येईल, आणि कॅमेरा एवढ्यात मागवू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे.
रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीन कॅमेऱ्यावर जाते ना, म्हणजे स्टिरिओला रिव्हर्सचा सिग्नल पोचतोय. ही वेगळी बारीक वायर असते, स्टिरिओच्या मागे तिच्यावर बॅक किंवा रिव्हर्स असं लिहिलेलं असतं, तिच्यात १२ व्होल्ट आले की स्क्रीन बदलते. ही वायर तुटली असती तर रिव्हर्समध्येही गाणंच चालू राहिलं असतं. तर स्टिरिओ ठीक, रिव्हर्सचा फ्यूज ठीक, गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विचही ठीक. राहिल्या तीनच गोष्टी, कॅमेऱ्याला जाणारे १२ व्होल्ट, कॅमेऱ्याकडून येणारी व्हिडिओ केबल (पिवळ्या पिनची, आरसीए म्हणतात ती), आणि खुद्द कॅमेरा.
आता डिकी आपटल्यावर चित्र येतं म्हणालात. हॅचबॅकमध्ये मागचा लाइट बहुतेक वेळा बॉडीला असतो आणि कॅमेरा डिकीच्या दारावर. म्हणजे १२ व्होल्ट घेतले बॉडीवरच्या रिव्हर्स बल्बवरून, आणि तिथून वायर बिजागरीजवळच्या काळ्या रबराच्या नळीतून दारात गेली. डिकी उघडली की ती नळी वाकते, लावली की परत वाकते, वर्षानुवर्षं. कंपनीचं वायरिंग हे धरूनच मऊ वायरचं केलेलं असतं, पण नंतर टाकलेली कॅमेऱ्याची वायर बारीक आणि कडक असते, ती तिथेच आतल्या आत तुटते. वरचं प्लॅस्टिक अख्खं दिसतं, आतलं तांबं तुटलेलं असतं. माझा तरी पहिला संशय तिथेच.
तपासायचं असं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला पुढे-मागे विटा. इंजिन बंद, चावी ऑनला, रिव्हर्स गिअर. मागे जाऊन बघा, रिव्हर्सचा पांढरा दिवा लागलाय का. लागला असेल तर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून आधी दिव्याच्या जॉइंटला बघा, मग डिकीच्या दारात कॅमेऱ्याची प्लग जिथे आहे तिथे बघा. इंजिन बंद असताना साधारण १२ च्या आसपास यायला हवेत. एकीकडे येतात आणि दुसरीकडे नाही म्हणजे मधे तुटलंय. एक मात्र करा, मोजताना कॅमेरा जोडलेला ठेवा. हिरवा पडलेला जॉइंट असला की नुसत्या मीटरला तो पूर्ण १२ दाखवतो आणि कॅमेरा जोडला की व्होल्टेज खाली बसतं, मग माणूस विनाकारण कॅमेऱ्याला दोष देतो.
कॅमेरा चांगला आहे का ते बघायची सोपी रीत म्हणजे एक लांब आरसीए केबल आणा, स्टिरिओच्या मागच्या कॅमेऱ्याच्या पिनेत घाला, केबिनमधून सीटवरून सरळ मागे न्या, कॅमेऱ्याला जोडा आणि कॅमेऱ्याला १२ व्होल्ट थेट दिव्याच्या जॉइंटवरून द्या. चित्र आलं तर कॅमेरा जिवंत, जुनी वायर मेली. नाही आलं तर बहुतेक कॅमेरा मेला. एवढं केल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

काळीपिवळी:
वरती दादांनी बरोबर सांगितलंय. मी हेच काम करतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आमची लाइन सगळी गाड्यांच्या ॲक्सेसरीची, आणि कॅमेरा गेला म्हणून आलेल्या गाड्यांत कॅमेरा चांगला निघतो असं खूपदा होतं. पण गिऱ्हाईक घाईत असतं आणि वायर शोधत बसायला वेळ लागतो म्हणून सरसकट सगळं बदलायला सांगतात.
ताई डिकीच्या प्लॅस्टिकचं सांगतो कारण तिथेच लोकं घाबरतात. आधी स्क्रू शोधा, आतल्या हँडलच्या खोबणीत छोटं झाकण असतं त्याच्या खाली असतात बऱ्याच गाड्यांत, पार्सल ट्रेची दोरी अडकते तिथेही बघा. स्क्रू राहिला आणि ओढलं तर ट्रिम, म्हणजे हे आतलं प्लॅस्टिक, फाटते. मग खालच्या कडेपासून सुरू करा, प्लॅस्टिकची पट्टी मिळते ट्रिम काढायची ती घाला, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने रंग उडतो. बोटं क्लिपच्या अगदी जवळ नेऊन सरळ बाहेर ओढा, तिरकं ओढलं की क्लिप मोडते. एखाद-दुसरी मोडणारच, क्लिपा सुट्या मिळतात, चार-पाच आधीच आणून ठेवा. थंडीत सकाळी नका करू, प्लॅस्टिक कडक असतं, दुपारी ऊन लागल्यावर बरं जातं.
कॅमेरा नंबर प्लेटच्या वरच्या पट्टीत बसवला असेल तर ती पट्टी आतून नटांनी धरलेली असते, दहाचा पाना लागतो बहुतेक, आणि नंबर प्लेटच्या लाइटची वायर त्याच पट्टीत असते ती आधी सोडवा. नंबर प्लेटला हात लावू नका. आता जुन्या गाड्यांनाही एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, सक्तीची आहे, तिचं स्नॅप लॉक एकदा तुटलं की परत लागत नाही, अधिकृत सेंटरकडेच जावं लागतं. प्लेटच्या स्क्रूमध्ये बसणारी पट्टीवाली कॅमेऱ्याची डिझाइन मिळते ती त्यामुळे घेऊच नका, आणि कॅमेऱ्याने नंबरचा एक अक्षर जरी झाकला तरी पोलीस धरतात.
रबराच्या नळीचं दोन्ही टोकाचं कडं बोटांनी आत दाबून बाहेर काढा, मग नळी मोकळी होते. नवी वायर घालताना साबणाचं पाणी लावा, सरकन जाते. ऑइल किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. आणि जॉइंट नळीच्या आत कधीच ठेवायचा नाही, नळीत अखंड वायर, जॉइंट एक तर बॉडीच्या आत नाहीतर दाराच्या आत, दोन वायरींचे जॉइंट एकाच ठिकाणी न देता पुढे-मागे. डिकी पूर्ण उघडून बघायचं की वायर ताणत नाहीये ना.
मागच्या खांबाचं प्लॅस्टिक काढायची वेळ आली आणि त्यावर एअरबॅग लिहिलेलं असेल तर तिथे सुया-तारा खुपसू नका. पिवळ्या कनेक्टरला हात नको. बॅटरीची मायनस काढून थोडा वेळ थांबा आणि मगच खांबापाशी काम करा, वायर एअरबॅगच्या पुढून न नेता मागून, कंपनीच्या वायरिंगच्या जोडीने न्यायची.

तिरफळ:
खूप खूप आभार दोघांचे, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. आज रविवार, पाऊस नव्हता, तर बसले. दिव्याच्या जॉइंटला १२.२ व्होल्ट, डिकीच्या प्लगला शून्य. नळी काढली तर लाल वायर नुसती सालीवर लोंबत होती, आत तांबं नाहीच. थेट वायर देऊन बघितलं तर चित्र आलं! म्हणजे कॅमेरा चालू आहे पण धुरकटच दिसतंय, काचेच्या आतून थेंब जमलेत, बाहेरून पुसून जात नाहीत. तर वायर बदलीनच, पण आता उघडलंच आहे तर कॅमेरा पण बदलावा म्हणते. तो कसा निवडू? ऑनलाइन पाचशेपासून दीड-दोन हजारापर्यंत शेकड्यांनी दिसतायत, सगळ्यांवर एचडी, नाइट व्हिजन, वॉटरप्रूफ लिहिलंय. आणि व्हिडिओची केबल पण बदलू का? ती अजून चालतीये.

बारा_व्होल्ट:
केबल पण बदला. लाल वायर जिथे तुटली त्याच वाकणात ती केबल तेवढीच वाकलीये, तिचा नंबर पुढचा. आणि तुम्हाला आधी आडव्या रेघा दिसत होत्या ना, त्या बहुतेक अर्थच्या (अर्थिंगच्या, म्हणजे करंट परत जायच्या काळ्या वायरच्या). कॅमेऱ्याची काळी वायर सैल झाली की करंट परत जायला व्हिडिओ केबलच्या जाळीचा रस्ता धरतो, कॅमेरा चालतो पण चित्रात रेघा फिरतात. नवीन करताना काळी वायर रिव्हर्स दिव्याच्या अर्थलाच जोडा, डिकीच्या कुठल्यातरी रंगवलेल्या स्क्रूखाली नको.
कॅमेरा घेताना सगळ्यात आधी तुमचा स्टिरिओ काय घेतो ते बघा. जुने स्टिरिओ सीव्हीबीएस, म्हणजे जुन्या पद्धतीचं साधं चित्र घेतात, नवे अँड्रॉइडवाले एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राची नवी पद्धत, ती पण घेतात. साध्या स्टिरिओला निव्वळ एएचडी कॅमेरा लावला तर चित्र येत नाही किंवा वेडंवाकडं येतं, मग लोक म्हणतात कॅमेरा खराब पाठवला. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या पानावर एएचडी, ७२०, १०८० असले पर्याय दिसतात का बघा, नसतील तर सीव्हीबीएसच घ्या. पाल आणि एनटीएससी या चित्र पाठवायच्या दोन पद्धती, त्यांचं पण जुळायला लागतं, नाहीतर चित्र वरखाली पळतं किंवा काळं-पांढरं येतं, स्टिरिओ बहुतेक आपोआप ओळखतो पण सगळे नाही.
नाइट व्हिजन म्हणून कडेला छोटे एलईडी असतात त्यांना भुलू नका, रात्री जो उजेड पडतो तो तुमच्या रिव्हर्स दिव्याचा. एक बल्ब जरी गेला असला तरी कॅमेरा कितीही भारी असो, अंधारच. त्यापेक्षा सीलिंग बघा. आयपी ६७ म्हणजे थोड्या वेळाकरता पाण्यात बुडालं तरी आत जाऊ नये, आयपी ६९के म्हणजे जोराच्या गरम पाण्याच्या फवाऱ्याला टिकायला हवं. गाडी सर्व्हिसिंगला प्रेशरने धुतात तिथे हे दुसरं कामाचं. आता स्वस्त मालावर काहीही छापलेलं असतं हे खरंच, म्हणून मागून कॅमेरा बघायचा, वायर बाहेर पडते तिथे रबर किंवा चिकट रसायन गच्च भरलंय का, आणि त्याचा प्लग रबरी रिंगवाला फिरवून बसणारा आहे का. कोकणच्या हवेला प्लगच आधी हिरवा पडतो.
१७० डिग्री वगैरे जे लिहितात त्याचा मोह धरू नये. जितकी लेन्स रुंद तितकं मागचं मूल किंवा खांब आहे त्यापेक्षा लांब दिसतं. तुमच्या कामाला कडेचं थोडं कमी दिसलं तरी चालेल, पण अंतर खरं वाटायला हवं.

हडसनपार:
मी न्यू जर्सीत असतो, इथला थोडा संदर्भ देतो कारण पोरांचा विषय निघालाय. इथे मे २०१८ पासून नव्या सगळ्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. नियमात लिहिलंय की गाडीच्या लगेच मागचा १० फूट रुंद आणि २० फूट लांब पट्टा दिसायला हवा, आणि रिव्हर्स टाकल्यावर २ सेकंदांत चित्र यायला हवं. ज्या कायद्यातून हे आलं तो २००८ चा, आणि एका दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने आहे. तो घराच्याच ड्राइव्हवेत वडिलांच्या गाडीखाली आला होता. वडिलांनी आरसे बघितले होते, पण एवढं लहान मूल मागच्या काचेतून दिसतच नाही.
भारतात १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. ताईंची गाडी २०१७ ची म्हणजे सेन्सरही नसणार. माझं म्हणणं, ट्रिम उघडीच आहे तर सेन्सरचा सेट पण लावून घ्या, बंपरला भोकं पाडायला लागतात ते काम फिटरकडून करा. मात्र सेन्सरवर पण पूर्ण भिस्त नको, बारीक वस्तू, खाली वाकलेलं पोर किंवा अगदी बंपरला चिकटून असलेलं त्याला कळेलच असं नाही. कॅमेऱ्याने दिसतं आणि सेन्सरने ऐकू येतं, दोन्ही पाहिजे. आणि तुम्ही माणूस मागे उभं करता ते कॅमेरा लागल्यावरही सोडू नका, निदान पोरं खेळत असतील तेव्हा. फक्त त्या माणसाने गाडीच्या बरोब्बर मागे नाही, बाजूला आरशात दिसेल असं उभं राहायचं.

मांडवी_काठ:
ताईंना हे लागू नाही पण दुसरं कोणी वाचत असेल तर, कंपनी फिटेड कॅमेरा असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं करू नका. माझ्या गाडीत कंपनीचा आहे, मी बाजारातला बारा व्होल्टचा लावायला निघालो होतो तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने थांबवलं. काही कंपन्या कॅमेऱ्याला ६ व्होल्टच देतात, तेही स्टिरिओकडून, दिव्यावरून नाही. तिथे चुकून १२ दिले तर कॅमेरा जातो, आणि १२ वाल्याला ६ दिले तर तो चालू होत नाही. चारी बाजूचं दिसणाऱ्या कॅमेऱ्यांना तर बदलल्यावर कॅलिब्रेशन लागतं, जमिनीवर खुणांच्या चटया घालून करतात, ते घरी होण्यासारखं नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीचं वायरिंग कापू पण नका, नंतर दुसरं कुठलं इलेक्ट्रिकल गेलं तरी तेच कारण पुढे करतात.
आणखी एक, नवीन गाड्यांमध्ये दिव्याला सरळ १२ व्होल्ट न देता कंट्रोल युनिट चालू-बंद चालू-बंद असं भरभर देतं. डोळ्याला दिवा सलग दिसतो पण कॅमेऱ्याचं चित्र फडफडतं. त्याला दिव्यावरून फक्त रिलेचा (दुसऱ्या करंटने चालू होणाऱ्या स्विचचा) इशारा घ्यायचा, कॅमेऱ्याला वेगळे फ्यूजवाले १२ व्होल्ट द्यायचे, किंवा मधे तयार फिल्टर मिळतो कपॅसिटरचा तो लावायचा.

काळीपिवळी:
मांडवीवाले, बरोबर. तसल्या गाड्या आता खूप येतात.
ताई सिलिकॉनचं राहिलं. कॅमेऱ्याच्या भोकाला पाणी जाऊ नये म्हणून लोकं बाथरूमचं सिलिकॉन भरतात, उघडल्यावर आंबट व्हिनेगरसारखा वास येतो ते. त्यातलं ॲसिड तांब्याला खातं, वायरचा जॉइंट त्यात बुडवला की वर्षाभरात हिरवा. न्यूट्रल म्हणून वेगळं मिळतं तेच मागा. नवीन भोक पाडलं तर कडेला आधी रंग लावा, समुद्राची हवा तुमच्याकडे, उघडा पत्रा लगेच गंजतो. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात ती पाणी निचरायची, ती बुजवू नका. आणि दाराच्या आत वायर कॅमेऱ्यापाशी थोडी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी झोळातून गळून पडतं, प्लगमध्ये जात नाही. सुटी वायर काळ्या टेपने नाही, कापडी टेप मिळते वायरिंगची तिने बांधा, साधी टेप उन्हात चिकटपणा सोडते आणि वायर पत्र्यावर वाजत राहते.
ट्रिम लावायच्या आधी इंजिन चालू करून चित्र बघा, डिकी उघडताना आणि लावताना दोन्ही वेळा एकाला आत स्क्रीनकडे बघायला सांगा.

तिरफळ:
मंडळी कॅमेरा लागला! स्टिरिओ साधाच निघाला म्हणून सीव्हीबीएस घेतला, लाल वायर आणि केबल दोन्ही नळीतून अखंड नेल्या, साबणाच्या पाण्याने खरंच सरकन गेल्या. चित्र इतकं स्वच्छ आहे की मागच्या फरशीवरच्या रेघा मोजता येतात. डिकी कितीही आपटली तरी हलत नाही. सेन्सरचं पण बोलून ठेवलंय.
दोन अडचणी राहिल्यात, ट्रिम मुद्दाम अजून लावली नाही. एक, डावीकडचं उजवीकडे दिसतंय, आरशात जसं दिसतं तसं नाही. सासऱ्यांना त्याने फार गोंधळायला होतं. दुसरं, पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा आल्यात त्या स्टिरिओच्याही आहेत आणि कॅमेऱ्याच्याही, एकावर एक, आणि त्या लाल रेघेवर किती विश्वास ठेवायचा? कॅमेऱ्याच्या वायरीतून दोन बारीक वायरींच्या वळ्या बाहेर आल्यात, एक हिरवी एक पांढरी, त्या कसल्या ते कागदावर नाहीये.

बारा_व्होल्ट:
झकास काम केलंत ताई. त्या वळ्याच तुमच्या दोन्ही अडचणींचं उत्तर आहेत. एक कापली की चित्र आरशासारखं उलटतं किंवा सुलटं होतं, दुसरी कापली की कॅमेऱ्याच्या रेघा जातात. हिरवी कसली आणि पांढरी कसली हे सगळ्या मालात सारखं नसतं, म्हणून कापल्यावर टोकं लहान करू नका, चुकीची निघाली तर परत जोडता यायला हवी. कॅमेऱ्याचे १२ व्होल्ट काढायचे, एक वळी मधोमध कापायची, दोन्ही टोकं वेगळी ठेवून परत चालू करून बघायचं. काही कॅमेरे बंद-चालू केल्याशिवाय बदल दाखवत नाहीत. बरोबर झालं की टोकांवर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी प्लॅस्टिकची नळी). मागच्या कॅमेऱ्याला आरशासारखंच चित्र लागतं, सासरे गोंधळतात त्यात त्यांचं काही चुकत नाही, तसं सुलटं चित्र बघून स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरतं आणि नेमकं त्याच वेळी मागे कोणीतरी असतं. हे आजच करून टाका, तोपर्यंत त्यांना गाडी देऊ नका.
रेघा मी स्टिरिओच्या ठेवल्या असत्या, कारण त्या सेटिंगमधून सरकवता येतात, कॅमेऱ्याच्या छापील असतात. सरकवायच्या अशा. सपाट जागी गाडी उभी करा, बंपरपासून टेप धरून अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटरवर विटा उभ्या करा, गाडीच्या दोन्ही कडांच्या रेषेत. लाल रेघ अर्ध्या मीटरच्या विटांच्या तळाला आणा, वरच्या टोकाला नाही, कारण वीट उभी असल्याने तिचं टोक पडद्यावर लांब दिसतं. मग पिवळी एक मीटरला, हिरवी दोनला. घरातली नेहमीची माणसं गाडीत बसवून करा, मागची सीट भरली की गाडीचा मागचा भाग दबतो आणि रेघा खाली सरकतात. सासऱ्यांना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने एकदा विटेपर्यंत गाडी मागे घ्यायला लावा आणि लाल रेघेपाशी थांबवा.